चंदरला सोडवायला उठलेला माणूस

माझे नाव चंदर भिकू शिगवण, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी (वॉर्ड अटेंडंट, सागरछाया मनोरुग्ण केंद्र), राहणार केंद्राच्या आवारातील चाळ, रेवस रस्ता, ता. अलिबाग. मूळ गाव माणगाव तालुक्यात. पोलीस ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

काल केंद्रात आम्हा कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण होते. रुग्ण अंगावर धावून आला तर त्याला न दुखवता कसे आवरायचे, हे शिकवायला मुंबईहून सलिल सर आले होते. वरचा हॉल पाहुण्यांच्या जेवणासाठी लावल्यामुळे प्रशिक्षण रुग्णांच्या जेवणघरात घेतले. रुग्ण तिथेच बाकांवर बसलेले होते. त्यांना अंगणात नेऊ का, असे मी व्यवस्थापक भार्गवी जोगळेकर मॅडमना विचारले. "असू देत. त्यांना कुठे काय कळतंय," असे त्या म्हणाल्या.

सरांनी शिकवले की आधी बोला, मोकळे हात दिसू द्या, अगदीच इलाज नसेल तर हात लावा. मग प्रात्यक्षिकात रुग्ण कोण होणार, असे विचारले. असली कामे माझ्याच गळ्यात पडतात. ठरल्याप्रमाणे मी आरडाओरडा केला. चौघांनी मला धरून पालथे पाडले.

रुग्ण दिनानाथ घरत हे उरणकडचे, पूर्वी मिठागरात कामाला होते. त्यांची दाढी मीच करतो. वर्षभरात त्यांनी कोणाला शिवीसुद्धा दिलेली नाही. येत्या रविवारी त्यांची मुलगी नेत्रा त्यांना आपल्या घरी नेणार होती. ते उठून जवळ आले व दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "आरं, सोरा त्याला. त्याचा काय चुकला?" सलिल सर हसले व "चालू ठेवा" म्हणाले. घरतकाकांनी पुन्हा विनवले. हे खोटे आहे, असे मी खालून ओरडून सांगितले, पण मी आधीपासून ओरडतच होतो. तेव्हा त्यांनी सरांना ढकलले. सर बाकावर आपटले व त्यांच्या कपाळाला खोक पडली.

मग त्याच चौघांनी मला सोडून काकांना धरले. नुकतेच शिकलेले एकालाही आठवले नाही. एकाने पाठीवर गुडघा दिला, दुसऱ्याने हात पिरगळला. काकांचा खांदा निखळला. सरांना लागल्याची तक्रार केंद्राने दिली, पण काकांच्या खांद्याची कोणी दिलेली नाही, याचा मला संताप आहे.

घरत हिंसक आहेत, त्यांनी विनाकारण हल्ला केला, असे ठाण्यात सांग, नाहीतर नोकरीचे बघावे लागेल, असे मॅडमनी मला बजावले आहे. तसे कागदावर आले तर नेत्राताईंच्या सासरचे काकांना दारात उभे करणार नाहीत. ते आधीच कसेबसे तयार झाले होते, हे मॅडमनाही माहीत आहे. माझी घरत यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. शिकवल्याप्रमाणे आधी बोलून मगच हात लावणारे काल ते एकटेच होते.

आज सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांना खाटेला बांधून ठेवले आहे. मला पाहून त्यांनी विचारले, "तुला सोरला ना?" मी हो म्हटले.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात घरत यांनी मारहाण केली असे आले होते, ते मी खोडायला लावले. आता तो मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करतो.