शर्वरी मॅडम आणि आमच्या पुलाची थरथर

आई, मंडळी,

डोंबिवलीच्या या हॉलमध्ये शर्वरी मॅडमच्या आई बसल्यात, ऑफिसचे लोक बसलेत, कॉलेजातले सर बसलेत. त्यांच्यात मी कोण? मी दत्ता म्हात्रे. शहाडला रिक्षा चालवतो. बोलायची सवय आहे, पण ती स्टँडवर भांडायची. इथे तोंड उघडत नाहीये. सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात तापाचं निमित्त झालं आणि मॅडम गेल्या. पूल तपासणाऱ्या इंजिनियर. चाळिशीही ओलांडली नव्हती. आणि खरं सांगतो, त्यांची माझी ओळख भांडणातूनच झाली.

आमच्या पाड्याकडे जायला नाल्यावर एक जुना पूल आहे. मॅडमनी त्याला खालून डब्या बसवल्या. गाडी गेली की पूल किती थरथरतो, ते त्या डब्या मोजतात. थरथर बदलली, तर कुठेतरी बिघडलंय. हे संशोधन त्यांनी कॉलेजात केलेलं. खऱ्या पुलावर पहिल्यांदा आणलं ते आमच्या.

भर उन्हाळ्यात आकडे बदलले. मॅडमनी पूल बंद करायला लावला. आठ दिवस ठोकून, खोदून बघितलं. काहीच निघालं नाही.

त्या आठ दिवसांत मी माझ्या चुलतीला लांबच्या वळशाने तीनदा डायलिसिसला नेलं. तिची हालत मी बघितलेली. मी मॅडमना पुलावरच गाठलं. काय काय बोललो, ते आई, तुमच्यासमोर नाही सांगणार.

दुसऱ्या दिवशी त्या स्टँडवर आल्या. एकट्या. म्हणाल्या, "दत्ताभाऊ, चुकलं माझं. आकडे बरोबर होते, अर्थ मी चुकीचा लावला. पूल तापला की त्याची थरथर तशीही बदलते. लॅबमध्ये ऊन नसतं."

मी विचारलं, "मग आता डब्या काढणार?"

"नाही. आता वर्षभर ऊनसुद्धा मोजणार. मदत कराल?"

ऑफिसातलं माणूस आपणहून येऊन चुकलं म्हणतंय, असं मी कधी बघितलेलं नव्हतं. आम्ही पाच रिक्षावाले तयार झालो. सकाळ, दुपार, संध्याकाळ कठड्यावरचं थर्मामीटर बघायचं, कुठला डंपर गेला ते लिहायचं. वर्षभर लिहिलं. चांगला पूल ऊन-पावसात कसा वागतो, ते मॅडमना कळलं.

मग यंदाच्या पावसात आकडे पुन्हा हलले. उन्हामुळे म्हणावं, तर ऊनच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, पूल बंद करा. ऑफिसमधून उत्तर आलं, "मागच्या वेळचा तमाशा विसरलात का?"

त्यांनी मला फोन केला. "दत्ताभाऊ, पुन्हा चुकले तर?"

मी म्हटलं, "तर पुन्हा भांडेन. आज मात्र रिक्षा आडव्या लावतो."

लावल्या. दोन्ही टोकांना. चुलतीला परत वळसा पडणार होता. ती म्हणाली, "पडू दे."

पाणी ओसरल्यावर माणसं खाली उतरली. एका खांबाच्या पायाखालची माती वाहून गेलेली. आत माणूस बसेल एवढी पोकळी. आणि वरून पूल ठणठणीत!

मी म्हटलं, "मॅडम, जिंकलात." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असे अजून किती पूल असतील, जिथे आपण काही लावलेलंच नाही?"

पूल दुरुस्त झाला. कोणी मेलं नाही, म्हणून बातमीही आली नाही.

आता कानावर येतंय, मॅडम गेल्या, तर डब्या काढून ठेवू, बघणार कोण? मॅडमच्या ऑफिसचे साहेब, तुम्ही समोर बसलात म्हणून सांगतो. मॅडमनी शिकवलेल्या दोघी इंजिनियर मुली तिथे मागे बसल्यात. त्या बघतील. वह्या आम्ही लिहू. कळव्याच्या रिक्षावाल्यांशी मी बोललोय, तेही तिकडच्या पुलाचं लिहायला तयार आहेत. पुढचा पूल कुठला, एवढंच ठरवा.

आई, तुमची मुलगी चुकली, चुकलं म्हणाली, आणि थांबली नाही. आम्हीही थांबणार नाही.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. आणि साहेब, त्यानंतर पहिलं बोलायचं ते तुम्ही.