गेली म्हना

मंडळी, गुरुजी, मायबहिनींनो, बसा, बसा, माझ्यासाठी कोनी उठू नका. तुमी सगळी कामंधामं टाकून आलात, लई बरं वाटलं. मला बोलायची सवय न्हाई असं म्हनले तर तुमी हसाल. भिंगारच्या बाजारात माझं तोंड बंद कुनी बघितलंय? गुरुजी मघाशी कानात म्हनले, "रत्ना, चार शब्द बोल, आन् जरा शुद्ध बोल." गुरुजी, माफी करा. शुद्ध बोलायला लागले तर सगळं ध्यान त्यातच जाईल आन् अक्का ऱ्हाईल बाजूला. मी आपली माझ्या बोलीत बोलते.

ज्यांना ठावं न्हाई त्यांच्यासाठी सांगते. ह्यो हार घातलेला फोटो, ही आमची कौसल्याबाई. कौसाअक्का. हितं बाजारातल्या बोळात तिचं चोळ्या शिवायचं मशीन हुतं. मागल्या आठवड्यात अक्का गेली. ती कोल्हारची. ती जन्मली तवा मुलगा झाला म्हनून तिच्या बापानं गावभर पेढे वाटले. गाव पेढे खाऊन मोकळं झालं, अक्का मात्र कधी मुलगा झाली न्हाई. मिसरूड फुटायच्या वयात तिनं गाव सोडलं, हितं येऊन लुगडं नेसली, ती शेवटपातुर लुगड्यातच.

मीबी तसलीच. सुप्याची. घरच्यांनी ठेवलेलं नाव मी विसरले, तुमीबी इचारू नका. ह्या मागं बसल्यात ना पदर सावरत, त्याबी तसल्याच. लोक आमाला काय काय म्हनत्यात ते शोकसभेत बोलायचं न्हाई. तुमाला पाठ हाय.

पन मी रडगानं गायला उभी न्हाई, मंडळी. अक्का जिंकली. जाता जाता जिंकली. ते सांगायला उभी हाय.

मी पैल्यांदा तिच्या दारात आले तवा काय ध्यान हुतं म्हनून सांगू! गिरनीतनं उठून आल्यागत तोंडाला पावडर. ओठ लालभडक. आन् कंबर ह्या भितीवरनं त्या भितीवर. मला वाटलं, हिला दाखवावं आपन किती बाई हाय ते. अक्कानं मशीन थांबवलं, चष्म्यावरनं बघितलं.

"काय गं, कमरेला काय चावलं?"

"न्हाई. का?"

"मग ती एवढी का पळती? बस हितं."

आन् मग म्हनली, "हे बघ. बाई कमरेनं चालत न्हाई. बाई कामानं चालती." दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली कळशी माझ्या कडंवर दिली. जा, म्हनली, आडावरनं घरापातुर. पानी सांडलं तर परत. मंडळी, भरली कळशी कडंवर असली की कंबर हलवायला सवड मिळत न्हाई. चाल आपोआप येती. पंधरा दिसांत माझी चाल अशी झाली की आडावर एक म्हातारी मला म्हनली, "सूनबाई, जरा दोर धर." सूनबाई! मी घरी येऊन अक्काच्या गळ्यात पडून रडले. ती म्हनली, "रडतीस काय? दोर धरलास का न्हाई?"

असं तिचं शिकवनं. लई ठिकानाहून यायच्या आमच्यासारख्या. शेवगावची एक, नेवाशाची एक. कुनी पदर दाताखाली धरला की अक्का वरडायची, "सोड तो! नाटकातल्या बायका धरत्यात. बाजारात कोन बाई पदर चघळत फिरती?" कुनी आवाज बारीक करून बोललं की म्हनायची, "मांजर अडकलंय का घशात? शेजारची ठकूबाई ऐक. तिनं हाळी दिली तर वेशीवरची गुरं वळत्यात. ती काय बाई न्हाई?" ठकूमावशी, हसा, तुमचंच नाव घेतलंय.

पाटावर कसं बसायचं, थोरल्या बाईम्होरं पदर कसा घ्यायचा, कुनी कुंकू लावलं तर आपन उलटं कसं लावायचं, पाव्हन्यांना पानी देताना बोटं कुठं ठेवायची. आन् म्हनायची, "हे सगळं लोकांना दाखवायला न्हाई गं. अंगाला बरं वाटतं म्हनून."

सगळ्यात अवघड काय हुतं सांगू? जीभ. येरवी मी आले, मी गेले, मी जेवले, सगळं बरोबर. पन दचकलं की जीभ माघारी पळती. अक्काला हे ठावं हुतं. आपन निवांत भाकरी थापत बसलोय, आन् ही मागनं येऊन पितळी ताट धाडकन फरशीवर आपटायची. आन् आमच्या तोंडातनं निघायचं, "मेलो!"

"मेलो? कोन मेला? हितं कुनी बाप्या न्हाई!" म्हनायची, आन् हसून हसून खाली बसायची.

त्या ताटाला पोचे पडले पन तिनं आपटायचं सोडलं न्हाई. एक दिवस मी चुलीपाशी हुते, ताट वाजलं, आन् मी किंचाळले, "मेले गं बाई!" अक्कानं काय करावं? मुठीत गूळ घेऊन बोळातल्या पोरांना वाटला. पोरं इचारायला लागली, "कशाचा?" म्हनली, "आमची रत्ना मेली, त्याचा!" अशी ती बया.

आन् एक जन हुता, घरी बायकापोरं असलेला, कचेरीत कारकून. शनवारी संध्याकाळी यायचा. त्याला आमच्यासारखं कायमचं व्हायचं नव्हतं. दोन घटका लुगडं नेसून बसायचा, अक्कासंगं चहा प्यायचा, मग धोतर नेसून घरी. आमी पोरी हसायचो. अक्का आमाला दटवायची, "घराघराची चूल निराळी. त्याची शनवारची हाय, तुमची बारा म्हयन्याची. निऱ्या दोघींच्याबी सरळच आल्या पायजेत." तो बाबा आज हितं बसलाय का न्हाई, मी सांगनार न्हाई. असंल तर त्यानं बिनघोर बसावं.

आता ठकूमावशीचं सांगायला पायजे. मावशी, सांगू का? मान हलवली, सांगते.

अक्का बोळात ऱ्हायला आली तवा मावशीनं दार लावून घेतलं. हळदीकुंकवाला सगळा बोळ, अक्का न्हाई. "बाप्या तो बाप्या," असं मावशी तोंडावर म्हनायची. अक्का खाली मान घालून मशीन चालवायची. मग दुष्काळ पडला. तुमाला काय सांगायचं, सगळ्यांनीच खडी फोडली. मावशी त्या कामावर घसरली आन् उजवा हात मोडला. सून बाळंतपनाला माहेरी. घरात नवरा आन् ल्योक, दोघं बाप्ये. एका हातानं नऊवारी कसं नेसनार? मावशी त्याच लुगड्यात आत बसून ऱ्हायली, दाराबाहेर येईना. अक्काला कळलं. ती गेली, कडी वाजवली, आत शिरली, दार लावलं. थोड्या येळानं मावशी न्हाऊन, धुतलं लुगडं नेसून वट्यावर. काष्टा असा कडक की सासूनं बघत ऱ्हावं.

दोन म्हयने, मंडळी. रोज सकाळी. आत काय बोलनं व्हायचं आमाला ठावं न्हाई. पन एक दिवस बोळात हाळी आली, "कौसे, निऱ्या जरा घट्ट घे गं, काल सुटाय लागल्या हुत्या!" कौसे! सगळा बोळ दारात आला ऐकायला.

तर अक्का गेली त्या दिवसाचं.

तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली हुती. आजारपनात, माझा हात धरून. "रत्ने, मेल्यावर मला टोपी घालू देऊ नको गं." बास. अन्न मागितलं न्हाई, औषध मागितलं न्हाई. मी म्हनले, न्हाई घालू देनार.

कोल्हारला निरोप गेला. तिचा धाकटा भाऊ आला, रामभाऊ. हे पुढं बसल्यात. रामभाऊ, तुमी मघाशी मला म्हनला, जे झालं ते सांग, म्हनून सांगते. रामभाऊंनी येताना धोतर आनलं, सदरा आनला, पांढरी टोपी आनली. वाईट मानूस न्हाई. रडत हुते. म्हनले, "आमचा भाऊ गेला. भावकीला मला तोंड दाखवायचंय. पुरुषाच्या रीतीनं न्यायचा."

रीत तुमाला ठावी हाय. बाप्याला बाप्यांनी न्हाऊ घालायचं, बाईला बायांनी. बोळातले चौघं जन बाह्या वर करून फुडं झाले. दारात तीन दगडांवर पानी तापत हुतं. मी आडवी झाले. म्हनले, न्हाई, तिला टोपी घालायची न्हाई. तर एक जन म्हनला, "तू कोन गं त्याची?" काय सांगू मी? नातं काय सांगू? आमी पोरी भितीला लागून उभ्या ऱ्हायलो. ती टोपी माझ्या डोळ्याम्होरं, घडीची, नवीकोरी.

तेवढ्यात ठकूमावशी आली. लोकं बाजूला झाली. ती सरळ रामभाऊम्होरं उभी.

"कोन गेलं म्हनलास?"

"मावशी, भाऊ गेला माझा."

"भाऊ? बरं. मग मला सांग, दोन म्हयने मला लुगडं कुनी नेसवलं? तुझ्या भावानं? म्हंजे ह्या वयात मी परक्या बाप्याम्होरं उघडी झाले? पांढऱ्या केसांची अब्रू चव्हाट्यावर मांडतोस व्हय रे?"

रामभाऊंना घाम फुटला. "तसं न्हवं, मावशी..."

"मग कसं? बाप्या असंल तर माझी अब्रू गेली. बाई असंल तर ऱ्हायली. काय ते एक सांग आन् लवकर सांग, पानी उकळाय लागलंय!"

तेवढ्यात मागनं एक सूनबाई म्हनली, "माझ्या चोळीचं माप अक्कानंच घेतलंय." दुसरी म्हनली, "माझंबी." "माझंबी." "माझ्या लेकीच्या लग्नातलं समदं तिनंच." अवो, सगळ्या बाजाराची मापं अक्काच्या हातात! आन् मंडळी, त्या वक्ताला बाप्यांची तोंडं बघायला पायजे हुती. बाह्या वर केलेले चौघंबी आपापल्या बायकांकडं बघाय लागले. एक जन, नाव घेत न्हाई, आता मिशीवर हात फिरवतोय, तो मोठ्यांदा म्हनला, "बाईच हुती हो! आमाला पैल्यापास्न ठावं हाय!" लगेच दुसरा, "बाईच! बाईच!" तिसऱ्यानं तर बाह्या खाली घेतल्या आन् बटनंबी लावली.

हसा, हसा. अक्कापन हसली असती.

पन रामभाऊ हसले न्हाईत. धोतर छातीशी धरून उभे हुते. मग त्यांनी ते कापड भितीपाशी ठेवलं आन् खाली बघत म्हनले, "मावशी, पानी बेतानं घ्या. तिला... तिला ल्हानपनापास्न कढत पानी सोसत न्हाई."

तिला म्हनले. ऐकलंत? तिला.

मावशीनं बाप्यांना बाहेर काढलं, दाराला लुगडं आडवं लावलं. आमी पोरी निघालो त्यांच्यामागं, बाहेर. आमचं आत काय काम? तर मागनं ती हाळी आली, वेशीवरची गुरं वळवनारी. "ए पोरींनो! कुठं निघाल्या? बाईला न्हाऊ घालायचंय, बाया नकोत व्हय? पदर खोचा आन् या आत!"

मायबहिनींनो, मी आत गेले. तुमच्या खांद्याला खांदा लावून बसले. तुमी तांब्या दिला, मी घेतला. कुनी हात मागं ओढला न्हाई. आपन मिळून तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, निऱ्या मी काढल्या. कुंकू लावताना कुनीतरी इचारलं, कुनाच्या नावाचं? मावशी म्हनली, "मोहट्याच्या देवीच्या नावाचं लावायची ती. देवीला चालतं, तुला का चालंना?" ओटी भरली. सगळ्या बोळानं भरली. तांदूळ ओटीत मावंना.

त्या दिवशी अक्का एकटीच बाई ठरली न्हाई. आमी सगळ्याच ठरलो.

मसनवट्यात लाकडं देनाऱ्यानं रामभाऊंना इचारलं, "कोन हुतं तुमचं?" आमी बाया वाटंवर लांब थांबलेलो, पन वारा आमच्याकडंच हुता. रामभाऊ म्हनले, "बहीन. थोरली." लाकडंवाला म्हनला, "आरारा, आईमाघारी आईच की." रामभाऊ म्हनले, "व्हय." मंडळी, मला सांगा, ह्याच्यापरीस मोठं काय जिंकायचं असतं?

आता मी थांबते. गुरुजी खुनावत्यात. उठा समदे. बाप्यांनी टोप्या काढा. बायांनी डोईवर पदर घ्या. पोरींनो, मागं बघू नका, कुनी काय म्हनत न्हाई, घ्या पदर. दोन घटका गप उभं ऱ्हायचं. पन त्याच्या आधी एकदा, सगळ्यांनी मिळून, मोठ्यांदा, कोल्हारपातुर जाईल असं, माझ्यासंगं म्हना:

कौसल्याबाई गेली!