आईंना सांग, हँडब्रेक ओढा

नाही, पण मला सांगा ना, ज्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही, त्या गाडीत माणसाने मर्यादा ठेवायची कुठे? डिकीत?... हसू नका गं! चहा प्या, पण हसू नका. तुम्हाला सांगते, गाडीला मी नाव ठेवणार नाही, रंग चांगला, आवाज चांगला, काचा वरखाली होतात... पण गाडी लहान आहे हो, फार लहान आहे!

आता आमच्या घरचा प्रकार तुम्हाला माहीतच आहे. आमचे हे, नांजालाचे बाबा, मोटरसायकलवरून पडले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि बुंगोमाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, ‘दर आठवड्याला व्यायामाला आणा, पाय वाकवला नाही तर गुडघा धरेल, मग जन्मभर तसाच राहील.’ आणायचं कसं? माटाटूत, त्या एवढ्याशा बसमध्ये, तो कंडक्टर माणसं अशी भरतो, की गोणीत मका भरावा, तिथे हे सरळ पाय पसरणार कुठे, ड्रायव्हरच्या मांडीवर? आणि हे काय म्हणतात, ‘मी आपला मोटरसायकलवर जाईन.’ अहो, जिच्यावरून पडलात तिच्यावरच? मग मागच्या काही खेपा चुकल्याच, आणि तो गुडघा हाताला लाकडासारखा लागायला लागला. रोज तेल चोळलं, तरी तसाच. म्हणून गाडी. म्हणून मी या वयात गाडी चालवायला शिकले, नाहीतर मला काय हौस होती?

आणि ही गाडी सापडली ती शाबानकडे, बाजारामागे तो जुन्या जपानी गाड्या विकतो ना, मोंबासाकडचा, गोडबोल्या, तो. मला म्हणतो, ‘आई, ही गाडी पेट्रोल पीत नाही, नुसता वास घेते! जपानमध्ये एक म्हातारी चालवायची, तीसुद्धा फक्त देवळात जायला!’ आणि वर म्हणतो, ‘पण आज दुपारीच शाळेचे एक गुरुजी घ्यायला येतायत हां, निघालेत ते.’ झालं! म्हणजे ठरवायचं ते आत्ताच. आता गाडीतलं मला काय कळतं? सगळ्या घरात गाडीतलं कळणारा माणूस एकच. वेबुयेला गॅरेज आहे त्याचं. खाएंबा. आणि खाएंबा कोण?... माझा जावई!

तू हसतेस, तू नैरोबीत वाढलीस, तुला काय ठाऊक? आमच्या बुकुसूंमध्ये सासूने जावयाच्या हाताला हात लावायचा नाही, एका बाकावर बसायचं नाही, एका ताटात जेवायचं तर नावच नको, तो वाटेत समोरून आला तर मी दुसऱ्यांच्या केळीच्या बागेत शिरते, इतकी वर्षं शिरतेय, त्या घरच्या बाईला वाटतं मी तिची केळी मोजते! थेट बोलायचं नाही, जे सांगायचं ते मुलीकडून. हा मान आहे, भांडण नव्हे. जावई माझा लाखात एक आहे... पण लांबून!

तर खाएंबा आला मोटरसायकलवर, मला बघितलं आणि गाडीचं झाकण उघडून त्याच्या आडच गेला. मी या बाजूला पाठ करून उभी. मध्ये नांजाला.

‘नांजाला, आईंना सांग, इंजिन चांगलं आहे.’

‘आई, इंजिन चांगलं आहे.’

‘त्यांना म्हणावं, डोंगर चढेल का?’

‘अहो, डोंगर चढेल का?’

‘आईंना सांग, चढवून बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही.’

शाबान एकदा माझ्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे, आणि हळूच नांजालाला विचारतो, ‘भांडण कशावरून झालं?’

मग बसायची वेळ आली, आणि मला कळलं, गाडी लहान आहे हो, फार लहान आहे! पुढे हे बसले, त्यांचा पाय सरळ, म्हणून त्यांची सीट पार मागे सरकवली, म्हणजे त्यांच्या मागे मांजरसुद्धा मावेना. शाबान म्हणतो, ‘जावयांना चालवू द्या, आई, तुम्ही त्यांच्या मागे बसा.’ त्यांच्या मागे! अरे, त्याच्या मागे बसले तर माझे गुडघे सीटमधून त्याच्या पाठीला लागतील! आता सीटमधून लागलेला गुडघा लागला धरायचा की नाही? यांना विचारलं, तर यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘सीट कापडाची आहे. चामड्याची असती तर चाललं असतं.’ बघा म्हणजे! शिवाय दर आठवड्याला चालवणार मी, जावई नव्हे, मग चढ मलाच जमायला नको का?

ठरलं असं, की मी चालवायची, मागे नांजाला आणि शाबान दाटीवाटीने, आणि खाएंबा मोटरसायकलवर बरोबर, इंजिनाचा आवाज ऐकत. किल्ली फिरवली, तर गाडीतून एक बाई बोलली! जपानीत! गोड आवाजात, अगदी मोठं वाक्य! हे दचकून म्हणाले, ‘ही कोण?’ शाबान म्हणाला, ‘स्वागत करते.’ खिडकीबाहेरून आवाज आला, ‘नांजाला, बाबांना सांग, टोलचं कार्ड नाही म्हणून ओरडते ती, सगळ्या जपानी गाड्या ओरडतात.’ आणि यांनी त्या बाईला मान लवून सांगितलं, ‘कार्ड नाही हो, बाई.’

निघालो. सपाटीवर काय झकास चालली म्हणून सांगू! हलकी, बोटभर वळवली की वळते, खड्ड्यात खाली घासली नाही, यांचा पायही शांत. मी मनात म्हटलं, हीच घ्यायची. शाबानचा फोन वाजला, ‘गुरुजी पोचतायत, आई!’ आणि समोर आमचा डोंगर. तो किमिलिलीच्या वरचा चढ, लाल मातीचा, एका अंगाला मोठा चर, तुम्ही सगळ्या तिथे पायी दम खाता.

बाहेरून खाएंबा ओरडतो, ‘नांजाला, आईंना सांग, गिअरचा दांडा खाली एलवर घ्या!’ मी ऐकलं. अहो, साऱ्या डोंगराने ऐकलं! पण जावयाचं थेट ऐकायचं कसं? नांजाला म्हणते, ‘आई, एलवर घे,’ मग मी घेते. ‘आईंना सांग, डावीकडे दगड!’ ‘आई, डावीकडे दगड!’ तोवर दगड मागे गेलेला! आणि त्या वळणावर, ऐका हं, वरून कांद्याच्या गोण्यांनी भरलेला ट्रक आला, माझ्या अंगावर, हॉर्न देत, मी थांबले, तो गेला, मी दांडा सरकवायला गेले आणि घाबरून भलतीकडेच सरकवला. इंजिन नुसतं बोंबलतंय... आणि गाडी मागे! मागे, मागे, चराकडे! माझे पाय कुठल्या पेडलवर आहेत तेच मला कळेना. मी यांच्याकडे बघितलं. ते दोन्ही हातांनी सीट धरून बसलेले. मला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच सुचलं, की मी यांना बरं करायला आणलं आणि मीच यांना चरात घालतेय.

खाएंबा ओरडला, ‘आईंना सांग, हँडब्रेक ओढा!’

मी ऐकलं बायांनो! स्पष्ट ऐकलं! आणि मी वाट बघतेय! नांजाला कधी सांगते याची वाट बघतेय! आणि नांजालाने डोळे मिटून येशूचा धावा सुरू केलाय!

मग खाएंबाने मोटरसायकल दिली फेकून, धावत आला, यांच्या खिडकीतून आत वाकला, यांच्या छातीवरून हात घातला आणि ओरडला, ‘आई, ओढा!’ थेट मला! त्याच क्षणी माझाही हात गेला, आणि हँडब्रेकवर माझा हात... आणि माझ्या हातावर त्याचा हात... आणि दोघांनी मिळून ओढला.

गाडी थांबली.

मागचं चाक चराच्या काठावर, पण तिकडे बघतंय कोण? मी माझ्या हाताकडे बघतेय, तो त्याच्या हाताकडे बघतोय, आता हा हात ठेवायचा कुठे, असं दोघांना झालंय. आणि एवढ्यात हे ओरडले, ‘वाकला!’

‘काय वाकला?’

‘गुडघा! वाकला गं, वाकला!’ अहो, भीतीने यांनीही ब्रेक दाबायला पाय खेचला होता, तिकडे ब्रेक नाही, काही नाही, पण पाय मात्र आला जवळ! डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. मीही रडायला लागले.

मग जरा वेळाने मी म्हटलं, ‘अहो, पण तो हात...’ तर हे म्हणाले, ‘कुठला हात? मी गुडघा बघत होतो.’ नांजाला म्हणाली, ‘माझे तर डोळे मिटले होते.’ आणि मागून हा मोंबासाकडचा आनंदाने ओरडतो, ‘मी पाहिलं ना! दोघांनी धरून ओढला! बघा आई, ब्रेक कसा मजबूत!’

याने पाहिलं म्हटल्यावर काय करता? हात लागल्याचा दोष काढायला मी जावयाला कोंबडी दिली, त्याने मला घोंगडी दिली, मोठ्यांनी सांगितलं तसं. गाडीही घेतली. खाएंबाने निरोप पाठवला, ‘आईंना सांग, गाडीत खोट नाही, ब्रेकची तार आवळून दिलीय.’ खोट कोणात होती, ते बिचाऱ्याने सांगितलं नाही.

आता दर आठवड्याला बुंगोमाला जातो. पुढे हे, मागे नांजाला आणि ती घोंगडी, कारण दिलेली वस्तू घरी ठेवून जायची नसते म्हणे, आणि मागून मोटरसायकलवर जावई, कारण चढावर मला एकटीला सोडायचं नाही असं त्यानेच ठरवलंय. शाबान खोटं नव्हता बोलत, गाडी पेट्रोलचा नुसता वास घेते, पिते ती मागची मोटरसायकल! गुडघा आता निम्मा वाकतो, डॉक्टरीणबाई खूश आहेत.

पण गाडी लहान आहे हो! आणि एवढ्या माणसांत सगळ्यांशी तोंडावर, मोकळेपणाने बोलते ती फक्त ती जपानी बाई. किल्ली फिरवली की सुरू! आणि मी आपली सवयीने मागे वळून म्हणते, ‘नांजाला, सांग गं, काय म्हणतेय ती!’