चेंबूरच्या काकूंचा मसाला

मला फोनवर बोलताना भयंकर घाम फुटतो. मुलुंडच्या सुप्रियाताईंचं मालवणी मसाल्याचं ऑनलाइन दुकान आहे ना, तिथलं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. मध्यंतरी आमच्या सगळ्या मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायला लागल्या. ऑर्डर मिळाल्याचं कळेना, म्हणून लोक आम्हाला फसवे समजून ऑर्डर रद्द करू लागले.

ताई म्हणाल्या, "एकेकाला फोन कर. मेल शोधून 'स्पॅम नाही' दाबायला सांग. नाहीतर दुकानाची वाट लागली समज."

पहिलाच फोन चेंबूरच्या एका काकूंना. घाबरून मी 'मेल' हा शब्दच गिळला.

"काकू, तुमची ऑर्डर स्पॅममध्ये गेलीय."

"तिकडे कशाला पाठवलीस? मी चेंबूरला राहते. पत्ता वाचता येत नाही?"

"पत्ता बरोबर आहे काकू. फक्त तुम्हाला ती तिथून बाहेर काढावी लागेल."

"मी? माझे गुडघे दुखतात रे! आणि नातवाकडून तीनदा मेल करवली, तिखट कमी घाल म्हणून. उत्तर का नाही दिलंस?"

मी घाईघाईने आमचंच स्पॅम उघडलं. नातवाच्या तिन्ही मेल तिथे पडलेल्या.

"सॉरी काकू, त्या इथे स्पॅममध्येच आल्यात. आत्ता दिसल्या."

काकू एकदम मायेने म्हणाल्या, "अरे, तू तिथेच असतोस होय? मग येताना माझा मसाला घेऊन ये ना!"