जाड तार

अन्याय झाला तो किसन यांच्यावर. कधी, तर सत्तावन्न सालच्या लक्ष्मीपूजनाला, दिवेलागणीच्या वक्ताला, जालन्यातल्या एका जिनिंगच्या आवारात. लोक त्याला अपघात म्हणतात. मी म्हणणार नाही. पुढचं सगळं त्यांच्या तोंडचं आहे.

मी मूळचा हसनाबादचा. निजामाचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्या साली जालन्याला आल्तो, जिनात कापूस ओढायला, अन् हात असे होते काय सांगू तुम्हाला, कापसाचं भरलेलं बोंद, केवढं थोरलं पोतं ते, एकटा उचलायचो, माझी बायको सरू म्हणायची, तुम्हाला बैल कशाला पाह्यजे.

आमच्या जिनात हंगामाचा मुहूर्त लक्ष्मीपूजनाला. त्या साली मुनीमजींनी छपराच्या पत्र्याच्या कडेनं, फाटकाच्या लोखंडी खांबापर्यंत दिव्यांची माळ लावायला सांगितली. वायर घरात वापरायची, बारीक, अन् दिवे ढिगानं. लावले की फ्यूज जाय. परत लावले, परत गेला. आमचे वायरमन रसूलभाई म्हणले, मुनीमजी, फ्यूज बराबर काम करून राह्यला, वायरला एवढा भार सोसत न्हाई, दिवे कमी करा न्हाईतर बाहेर लावायची जाड वायर आणा. मुनीमजी म्हणले, आन् पूजेत अंधार झाला मंग? लक्ष्मी दारातून परत पाठवता का मियाँ? तांब्याची जाड तार घाला फ्यूजमधी. रसूलभाई बोलले, मी न्हाई घालणार. मंग मुनीमजींनी दुसऱ्याकडून घालून घेतली.

आता दिवे बिलकुल जाईनात. सगळे खूश. तिकडं बारीक वायर तापली, वरचं रबर वितळलं, उघडी तार पत्र्याला लागली, पत्र्यातून वीज फाटकाच्या खांबात उतरली, ते आम्हाला काय दिसतंय? मी तोरण बांधायला गेल्तो, दोन्ही हातांनी खांब धरला. अन् सुटेना. वरडायला तोंड उघडंना. सगळं अंग थडथडू लागलं, तर बाया म्हणल्या, किसनच्या अंगात आलं, अन् हळदकुंकू टाकू लागल्या माझ्यावर, एक तर पाया पडायला वाकली, तिला कोणी मागं ओढलं देव जाणे. रसूलभाईंनी पळत जाऊन मोठं बटन, मेन स्विच, पाडलं. अंधार झाला. मी मातीत पडलेलो, अन् पहिला आवाज कानावर आला तो मुनीमजींचा, दिवे कोणी घालवले रे?

बोटं जळून अशी आकडली ती आकडलीच. सरू भरवती, गुंडी लावती, धोतरसुद्धा तीच नेसवती. आता माझ्या जागी माझी लेक जनी जाती त्याच जिनात, सरकी निवडायला. रसूलभाई तर कवाचे हैदराबादला गेले. परवा पाह्यलं, तीच माळ, तोच खांब, जनी त्याच्याच बुडाशी बसलेली. मुनीमजींना म्हणलं, फ्यूजमधली ती जाड तार तेवढी काढा. ते म्हणले, किसनराव, बसा, चहा घ्या. कप समोर ठेवला. कसा उचलू? जनीला म्हणलं, पोरी, जाऊ नको. ती म्हणली, दादा, मंग खायचं काय?

मला ते फ्यूजचं खोकं उघडता येत न्हाई. नुसतं पाहून राह्यलो. तुम्ही हे वाचून राह्यले, तुमचे हात चालतात. आज उजेड असताना, तुमच्या कारखान्यात, देवळात, मांडवात जा, वायरमनला सोबत घ्या. मोठं बटन पाडा, खोकं उघडायला लावा. जाड तार दिसली तर काढून टाका. मालक काही म्हणो, दिवे जावोत. काढा.