वसुताईची साक्ष

बसा, बसा. मागे खुर्च्या कमी पडल्यात, पुढे या. पहिली रांग कोणी भरत नाही, आमच्या शनिवारच्या वर्गातही हेच व्हायचं.

लिमरिकहून आलात, शॅननहून आलात. कुणी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलंय. मुक्ताला बरं वाटलं असेल. मुक्ता, तू मला बोल म्हणालीस. मी तुला म्हटलं होतं, मला सांगू नकोस. आठ महिने मी तुझ्या आईशी एक शब्द बोललेली नाही, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. तू म्हणालीस, "मावशी, म्हणूनच." आता काय ऐकावं लागेल ते तू ऐक.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, अशी आपली रीत आहे. मी प्रयत्न करीन. पण मंडळी, मला राग आला आहे. त्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं की रडू येतं आणि रागही येतो, आणि कुठलं आधी येतं ते मला सांगता येत नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. मी मीना. आयर्लंडात, आपल्या या एनिसमध्ये, अकरा वर्षं मुलांचा मराठी वर्ग घेतला. वसुताई म्हणजे आपल्या डॉक्टर मुक्ताची आई. सहा वर्षांपूर्वी अमेरिकेतून इथे आली, नातू झाला म्हणून. मला म्हणाली, "मला अहोजाहो करू नकोस, म्हातारं वाटतं." तेव्हापासून ताईही आणि अगंतुगंही. दर शनिवारी वर्गात मदतीला यायची, मागच्या बाकावर बसून मुलांच्या वह्या तपासायची. आणि दर गुरुवारी माझ्याकडे. गुरुवारचा उपास दोघींचा. कधी तिची खिचडी, कधी माझी भगर.

पहिल्याच गुरुवारी मी विचारलं होतं, "तिकडे काय करायचीस गं?"

"कोर्टात होते."

"कोर्टात म्हणजे काय काम?"

"कागद वाचायचे. लोकांचं ऐकून घ्यायचं."

मी म्हटलं, बरं, कारकून. हे मीच ठरवलं. आणि मग पाच वर्षं मी तिला कायदा शिकवला! माझा भाऊ कोल्हापुरात वकील आहे, त्याच्या जिवावर. साक्षीदार कसा फोडतात ते सांगितलं. न्यायाधीश कसे असतात ते सांगितलं. एकदा तर मी तिला म्हणाले, "जाऊ दे ताई, तुला नाही कळायचं ते." ती बटाटा सोलत होती. म्हणाली, "खरंय. अजून बरंच कळायचंय."

परवा मी मुक्ताला फोन केला. म्हटलं, भाषणात सांगायला दोन ओळी दे, आई कुठे शिकली, काय नोकरी. मुक्ता म्हणाली, "मावशी, तुला खरंच माहीत नाही?"

मंडळी, आपली वसुताई अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश होती. फेडरल जज.

कुजबुजू नका. मला कळलं तेव्हा मीही भांडं खाली ठेवलं होतं.

मुक्ताने जे सांगितलं ते तसंच सांगते. मुलगी अकोल्याची. नागपूरला वकिलीची पदवी. लग्न होऊन अमेरिकेला गेली, तिथे त्या पदवीला कोणी विचारेना. मग एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं लावायची नोकरी, आणि त्याच कॉलेजात संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून कायदा. मुक्ता पोटात असताना शेवटची परीक्षा. मग वर्षभर एका म्हाताऱ्या जजच्या हाताखाली क्लार्क. तिथे क्लार्क म्हणजे कारकून नव्हे बरं का, निकालाचा मसुदा लिहायला मदत करणारा वकील. मग सरकारी वकील, कितीतरी वर्षं. मग त्याच कोर्टाच्या जज लोकांनी तिला खालच्या पायरीवरची न्यायाधीश म्हणून निवडलं. आणि मग एक दिवस राष्ट्राध्यक्षांकडून नाव गेलं. सिनेटपुढे बसून प्रश्नांना उत्तरं दिली, मतदान झालं, आणि ती नोकरी मिळाली जी मरेपर्यंत कोणी काढून घेऊ शकत नाही. मरेपर्यंतची नोकरी! ती सोडून ही बाई आपल्या हॉलमध्ये येऊन 'ळ' कसा काढायचा ते शिकवत होती.

मुक्ताच्या ईशानलाही माहीत नव्हतं. काल मला म्हणतो, "आजी? अ जज? शी लेट मी चीट ॲट लूडो!"

खोटं ती कधीच बोलली नाही. कागद वाचायची, लोकांचं ऐकायची. खरंच होतं ते. पण मैत्रिणीला एवढंसं खरं सांगतात का? माझ्या सासूबाईंच्या आजारपणापासून माझ्या पाळीच्या तक्रारींपर्यंत सगळं तिला माहीत होतं. आणि मला तिचं काय माहीत होतं? की बटाटा पातळ सोलते. ही पहिली फसवणूक. आता दुसरी सांगते. ती तुम्हाला माहीत आहे, पण अर्धीच.

गेल्या वर्षी वर्गात अन्वी खूप बोलत होती. आठ वर्षांची पोर. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा माझ्या तोंडून निघालं, "जा, बाहेर उभी राहा." आपण सगळे असेच वर्गाबाहेर उभे राहिलोय की नाही? मला तो शिक्षेचा प्रकार वाटलाच नाही. पण इथल्या पोरीला बाहेर म्हणजे बाहेर. ती पॅसेजमधून निघाली, मुख्य दार उघडं होतं, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. दुकानदार तिला हाताला धरून परत घेऊन आला तेव्हा मला कळलं. पोर म्हणाली, "आय वॉज ग्रँड." इथलं ते ग्रँड, म्हणजे ठीकठाक. तिचे आईबाबा ग्रँड नव्हते. नसणारच. आज ते इथे बसलेत. तुमच्याकडे मी अजून यायची आहे.

मग आपल्या मराठी मंडळाने तिघांची समिती नेमली. नितीन, श्रुती, आणि ज्येष्ठ म्हणून वसुताई. मी निर्धास्त झाले. तिघांत एक आपली!

ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला या समितीत बसता येणार नाही."

नितीन म्हणाला, "का हो काकू?"

"मी मीनाच्या घरी जेवते."

सगळे हसले होते, आठवतं? नितीन, तूच म्हणालास, मग तर आपण सगळ्यांनीच उठायला पाहिजे, कोण कोणाकडे जेवत नाही! त्यावर ती हसली नाही. म्हणाली, "निवाडा करायला मी बसणार नाही. पण मी वर्गात होते. साक्ष देईन."

आता अर्धं राहिलेलं सांगते. समितीला मी लिहून दिलं होतं की मी अन्वीला बाहेर काढलं नाही, ती बाथरूमला म्हणून स्वतःच गेली. ते खोटं होतं. हो, खोटं. अकरा वर्षांचा वर्ग होता तो. या गावात मला बाई म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि समितीच्या आदल्या गुरुवारी, खिचडी पुढ्यात असताना, मी वसुताईला म्हटलं, "तू एवढंच म्हण की तुझं लक्ष वह्यांकडे होतं." खोटं बोल म्हणाले नाही मी. लक्ष नव्हतं म्हण, एवढंच.

तिने चमचा खाली ठेवला. "मीना, हे मला सांगू नकोस."

"त्यांनी विचारलं नाही तर?"

"विचारतील गं."

मला वाटलं, म्हणतेय असं, पण ऐनवेळी सांभाळून घेईल. मैत्रीण आहे. आणि शनिवारी, याच हॉलमध्ये, तिथे त्या खिडकीपाशी बसून ती म्हणाली, "मीनाने अन्वीला बाहेर उभं राहायला सांगितलं. मी ऐकलं. मुख्य दार उघडं होतं. मीही उठून बघायला गेले नाही, तीही चूक आहे आणि ती माझी आहे." नितीनने विचारलं, पोर किती मिनिटं बाहेर होती? मला वाटलं, आता तरी म्हणेल दोनच मिनिटं. ती म्हणाली, "घड्याळ पाहिलं नव्हतं. सांगता येणार नाही."

एक मिनिटसुद्धा कमी केलं नाही तिने माझ्यासाठी! एक मिनिट!

वर्ग गेला. तुम्ही कोणी मला वाईट बोलला नाहीत. श्रुती आता छान चालवते. पण मला तुमचा राग आला नाही, तिचा आला. तुम्ही परके होतात, तुम्ही काय वाटेल ते करा. ती माझ्या घरची होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं.

पुढच्या गुरुवारी दारात बेल. मी खिडकीतून बघितलं, ती. हातात खिचडीचा डबा. मी दार उघडलं नाही. बराच वेळ उभी होती. मग पायरीवर डबा ठेवून गेली. मी डबा घासला आणि रिकामा तिच्या दारात ठेवून आले. बायकांनो, तुम्हाला कळतंय मी काय केलं ते. आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करतात का? साखरेचे चार दाणे तरी घालतो. मी मुद्दाम रिकामा दिला. पुढच्या गुरुवारी पुन्हा आली. पुन्हा रिकामा. आठ महिने, एक गुरुवार चुकला नाही. वाऱ्यात, गारठ्यात, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. मी पडद्याआड उभी राहायची आणि ती जायची वाट बघायची.

मुक्ताने परवा आणखी एक गोष्ट सांगितली, ती सांगते आणि संपवते. जज होण्याआधी तिकडे एक मोठा फॉर्म भरावा लागतो. आयुष्यात कुठे कुठे राहिलात, काय काय लिहिलंत. तपास करणारे लोक शेजाऱ्यांच्या घरी जाऊन चौकशी करतात. त्यात शेवटी विचारतात, तुम्हाला खाली मान घालायला लावेल असं काही आहे का? लोक तिथे 'नाही' लिहितात. हिने लिहिलं, नागपूरला कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या हजेरीची खोटी सही केली होती.

हजेरीची सही! कोणी केली नाही ती?

ऐकलं आणि मला इतकं लागलं. म्हणजे तुला येत होतं, वसुताई. मैत्रिणीसाठी खोटं करणं तुला येत होतं. कुठल्या त्या नागपूरच्या मुलीसाठी केलंस, आणि माझ्यासाठी नाही? फोन ठेवून मी हे मोठ्याने बोलले, एकटीच, स्वयंपाकघरात. आणि समोर ओट्यावर तिचा शेवटचा डबा होता. मंगळवारी ती गेली, त्याआधीच्या गुरुवारचा. घासलेला. रिकामा. परत द्यायचा राहिलेला.

तुम्ही म्हणाल, मीनाताई, आता माफ केलंत ना? नाही केलं. तिनेही मला माफ केलं होतं का, ते मला माहीत नाही, तिने सांगितलं नाही आणि मी विचारायला दार उघडलं नाही. राग आहे अजून. उद्याही असेल. आज इथे बाकीचे लोक तिला थोर म्हणतील, तर म्हणा. मी तिचा निवाडा करायला बसणार नाही. मी तिच्या घरी जेवले आहे.

पण साक्ष देईन.

वसुताई माझ्या दारात आली होती. मी आत होते. मला दिसत होतं. दार मी उघडलं नाही. मी आयुष्यभर मास्तरीण, मला एकच शिक्षा येते. आधी त्या पोरीला दिली, मग तिला. दोघींना मी बाहेर उभं केलं. पोर परत आली.

मुक्ता, हा घे आईचा डबा. यात चार दाणे साखर आहे.

आता सगळे जरा उभे राहू या, तिच्यासाठी. किती मिनिटं ते मी सांगणार नाही. आज कोणी घड्याळ बघू नका.