तळ्यातलं घर

मी फारसा बोलत नाही, पण हे सांगतोच. दुबईच्या प्रॉपर्टी मेळ्यासाठी आम्ही उद्याच्या भिलाईचं मॉडेल बनवत होतो. त्यात हथखोजजवळच्या आमच्या वस्तीच्या जागेवर साहेबांनी निळा कागद चिकटवला.

"इथं तलाव राहीन."

"साहेब, तिथं आमी राहतो."

"नकाशात नाही ना बे तुमी."

साहेबांची पाठ वळल्यावर मी त्या निळ्या कागदावर एक छोटं घर बसवलं आणि मॉडेलमधल्या सगळ्या दिव्यांची मुख्य वायर त्या घरातूनच नेली.

मेळ्यातून साहेबांचा फोन आला. "थे घर काढलं तर पूर्ण शहराची लाइट गेली. पाहुणे उभे आहेत. आता कशी येईन, लवकर सांग."

"आमचं घर होतं तिथंच लावून द्या, साहेब."